देवमासे बघायला जा, पण आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: वय 41, शिरोली एमआयडीसीत नोकरी, हातात पगार 65 हजार. पाचवीतल्या मुलीला देवमासा बघायचाय. श्रीलंकेत मिरिसाहून बोटीची दिवसाची सहल असते. चौघांचा सगळा खर्च 2 लाख 60 हजार. एफडीत 2 लाख 80 हजार आहेत. एफडी मोडू की पर्सनल लोन काढू? आधी चार लाख होते, त्यातले 1 लाख 20 हजार बँकेतल्या साहेबांनी पॉलिसीत भरायला लावले. हप्ता 10 वर्षं, दरवर्षी 25 हजार कॅशबॅक, विसाव्या वर्षी 15 लाख, विमा 12 लाखांचा. ‘कॅशबॅकमध्ये दरवर्षी सहल होईल’ म्हणाले. पॉलिसीचा कागद, म्हणजे बाँड, तीन आठवड्यांपूर्वी आला. घरकर्ज 14 लाख बाकी.

उत्तर: सहलीचं नंतर बोलू. बाँड हातात आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरलाय, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच मेलही केलंय. विमा कंपनीला लेखी अर्ज द्या. त्या दिवसांचं विम्याचं शुल्क, स्टॅम्प आणि तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा होऊन बाकी पैसे परत मिळतात. बँकेतले साहेब ‘एक वर्ष थांबा’ म्हणतील. थांबू नका.

का ते सांगतो. तुम्ही भरणार 12 लाख, 20 वर्षांत मिळणार कॅशबॅकचे 5 आणि शेवटचे 15, म्हणजे 20 लाख. ऐकायला छान. पण वर्षांचा हिशेब धरला तर परतावा चार टक्क्यांच्या आसपास पडतो. तुमची साधी एफडी याहून जास्त देते. आणि पहिली काही वर्षं 1 लाख 20 हजार भरून 25 हजार परत घ्यायचे, म्हणजे स्वतःच्याच पैशावर सहल. ही कॅशबॅक बघून माणसं सही करतात, याचा मला खरंच राग येतो.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. उद्या तुमचं काही झालं, तर 12 लाखांत घराचं कर्जसुद्धा फिटत नाही. मुलांच्या शिक्षणाला काय उरणार? तुम्हाला एक कोटीचा साधा टर्म विमा हवा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. तब्येत ठीक आणि तंबाखू नसेल तर वर्षाला 24 हजारांच्या आसपास. 22 सप्टेंबर 2025 पासून या हप्त्यावर जीएसटीही नाही.

आता सहल. एफडी मोडायची नाही, घरात अडीनडीला दुसरं काही नाही. सहलीसाठी पर्सनल लोन तर नकोच. पॉलिसीचे पैसे आले की एफडी पुन्हा चार लाखांच्या आसपास करा. हप्त्याचे महिन्याला पडणारे 10 हजार वाचतात. त्यातले 2 हजार टर्मला, 8 हजार आरडीला. अडीच वर्षांत 2 लाख 60 हजार होतात.

जाताना नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ धरा. मिरिसाला किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, म्हणून निळा देवमासा इतक्या जवळ येतो. दोन-अडीच एसटी गाड्यांएवढं जनावर! त्या मुलीची हौस मला कळते, ती मारायची नाही. फक्त दिसेलच असं धरून जाऊ नका. पहाटे उठून चार-पाच तास बोटीत बसायचं असतं, तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवा.

तोवर या हिवाळ्यात फोंडा घाट उतरून तारकर्लीला जा. सकाळच्या बोटीतून डॉल्फिन दिसतात, तेही देवमाशाच्याच गोतावळ्यातले. मुलीला बोट लागते की नाही, तेही कळेल.

अर्ज सोमवारी द्या, पोच म्हणून शिक्का मारून घ्या, आणि पैसे खात्यात आले की मला कळवा.