लष्करी तळावरची जळक्या तेलाची पिंपे आणि विवरणपत्रावरील सही

प्रश्नकर्त्यांचे नाव, हुद्दा व ठिकाण वगळून त्यांच्या पत्राचा सारांश असा : ते एका लष्करी तळावरील वाहनदुरुस्ती कार्यशाळेत नागरी पर्यवेक्षक असून टाकाऊ तेलाची नोंदवही त्यांच्याकडे आहे. जळक्या तेलाची पिंपे दोन वर्षांपासून उघड्यावर पडून आहेत, काही गळू लागली आहेत आणि पावसात ते तेल कुंपणाबाहेरच्या ओढ्याला मिळणाऱ्या नाल्यात उतरते. तरीही वार्षिक विवरणपत्रात ‘सर्व तेल अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे सोपवले’ असे लिहून सही करावी, असे वरिष्ठांनी त्यांना तोंडी सांगितले आहे. हा सुरक्षेचा विषय असल्याने पर्यावरणाचे कायदे आपल्याला लागू नाहीत, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. गेल्या वर्षी त्यांनी अशी सही केलीही होती. वडील सैन्यात होते, त्यामुळे तक्रार करणे म्हणजे घराशी बेइमानी वाटते, असेही त्यांनी लिहिले आहे.

आपण ती सही करू नये. तसेच ही गोष्ट, वकिलाचा सल्ला सोडता, तळाबाहेर कोणालाही न सांगता आज किंवा उद्याच आपल्याच कार्यालयात लेखी नोंदवावी. माझा सल्ला एवढाच आहे, परंतु तो निर्धास्तपणे पाळता यावा म्हणून त्यामागचा कायदा सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रथम वरिष्ठांचा मुद्दा पाहू. संरक्षण आस्थापनांना जेथे सवलत द्यायची होती, तेथे नियम करणाऱ्यांनी ती स्पष्ट शब्दांत लिहिली आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांतून खास लष्करी प्रयोजनासाठीच्या बॅटऱ्या वगळल्या आहेत, म्हणून आपल्याकडील प्रत्येक जुनी बॅटरी त्यात मोडते की नाही, हे तिच्या वापरावरून वेगळे तपासावे लागेल. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लष्करी रुग्णालयांना सूट दिलेली नाही, मात्र त्यांच्यावरील देखरेख सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडे सोपवली आहे. घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वहन) नियम, २०१६ यांत कोणता कचरा नियमांबाहेर आहे याची यादी आहे : सांडपाणी, जहाजांवरील कचरा, किरणोत्सारी, जैववैद्यकीय आणि नगरपालिकेचा घनकचरा. त्या यादीत लष्करी कार्यशाळा नाही, आणि वापरलेले तेल मात्र या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत नावानिशी आहे. शिवाय ज्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली हे नियम झाले, त्याच्या कलम १७ मध्ये केंद्र व राज्य शासनाच्या विभागांकडून होणाऱ्या उल्लंघनाचीच तरतूद आहे. शासकीय विभागांना हा कायदा लागूच नसता, तर संसदेने ते कलम लिहिले नसते. गोपनीयतेचा हक्क तळाला जरूर आहे. किती वाहने आहेत, ती कोणत्या तुकडीची आहेत, हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगण्याची गरज नाही. तेल किती लिटर साठले आणि ते कोठे गेले, एवढेच सांगायचे आहे.

आता ‘सोपवले’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ पाहू, कारण आपली सगळी अडचण त्या एका शब्दात आहे. असा कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्यांना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, पण ती मागावी लागते. तेल उचलणाऱ्याकडे मंडळाचे प्राधिकारपत्र हवे, आणि गाडी फाटकाबाहेर पडताना नमुना १० मधील वाहतूकपत्राच्या सात रंगीत प्रती तयार व्हाव्या लागतात. पांढरी प्रत मंडळाला जाते, पिवळी वाहतूकदाराच्या सहीने आपल्याकडे राहते, आणि तेल पोहोचल्यावर घेणाऱ्याने सही केलेली निळी प्रत आपल्याकडे परत येते. पिवळी आणि निळी प्रत दप्तरात असेल तरच तेल सोपवले गेले. नमुना ४ मधील वार्षिक विवरणपत्र दरवर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला द्यायचे असते आणि ते नमुना ३ मधील दैनंदिन नोंदवहीशी जुळावे लागते. पिंपे अंगणात, निळी प्रत नाही आणि विवरणपत्रात ‘सोपवले’, हे अंतर तपासणीच्या पहिल्या तासातच उघडे पडते, आणि तेव्हा समोर येते ती आपली सही.

त्या सहीची जबाबदारी कोणावर येते? १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पर्यावरण अधिनियमाच्या कलम १७ खाली विभागप्रमुखाला एका महिन्याच्या मूळ वेतनाइतका दंड होऊ शकतो, आणि उल्लंघन दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याच्या हयगयीमुळे झाले असेल तर त्यालाही तेवढाच. योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे दाखवून देणाऱ्याला मात्र दंड होत नाही. पिंपे पडून राहणे हा आपला दोष नसेल, तर आपली लेखी टिपणी हाच त्या दक्षतेचा पुरावा आहे. खोटी नोंद ही त्याहून गंभीर बाब आहे. लोकसेवकाने जनतेची हानी होईल हे जाणून, किंवा कोणाला शिक्षेपासून वाचवण्याच्या हेतूने, खोटे दप्तर तयार केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २५६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वरिष्ठांनी सांगितले होते, हा बचाव तेथे टिकत नाही.

नकार कसा द्यावा, हेही नियमांतच आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ संरक्षण सेवेतील नागरी कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत, आणि त्यांतील नियम ३ सांगतो की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी आदेश मिळाल्यास कनिष्ठाने शक्य तितक्या लवकर त्याची लेखी पुष्टी मागावी, आणि अशी पुष्टी देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे. म्हणून टिपणीत कोणावरही आरोप न करता एवढेच लिहावे : ‘अमुक तारखेस वापरलेल्या तेलाची इतकी पिंपे कार्यशाळेत शिल्लक असून त्यांची वाहतूकपत्रे दप्तरी नाहीत. विवरणपत्रात तेल सोपवल्याची नोंद करण्याबाबत मिळालेल्या तोंडी सूचनेची लेखी पुष्टी मिळावी. तसेच साठा शिल्लक दाखवून विवरणपत्र सादर करण्यास व तेलाच्या विल्हेवाटीस मान्यता मिळावी.’ माझा अनुभव असा की अशी सरळ टिपणी समोर आल्यावर बहुतेक वेळा तोंडी सूचना आपोआप मागे घेतली जाते. लेखी आदेश मिळालाच, तरी त्याने खोटी नोंद खरी होत नाही. त्या परिस्थितीत सही न करता तो आदेश कारणांसह त्यांच्याही वरिष्ठांकडे पाठवण्याची विनंती करावी.

गेल्या वर्षीच्या सहीबद्दल आपण लपवाछपवी केली नाहीत, हे चांगले झाले. ती १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर तिला जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम २१८ लागू होईल, नंतरची असेल तर वरील २५६. दोन्ही कलमांत हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते, आणि कोणी विचारण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती हे गैरहेतू नसल्याचे सर्वांत बोलके चिन्ह असते. त्याच टिपणीत स्वतंत्र परिच्छेद करून मागील विवरणपत्रातील आकडा चुकीचा असल्याचे नमूद करावे व सुधारित विवरणपत्र पाठवण्याची परवानगी मागावी. हा परिच्छेद एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवूनच द्यावा, कारण त्यातील प्रत्येक शब्द पुढे आपल्याविरुद्धही वाचला जाऊ शकतो.

नाल्याचा प्रश्न मात्र कागदांची वाट पाहू शकत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ चे कलम २४ प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक जाऊ देण्यास मनाई करते, आणि अपघाताने तसे झाल्यास कलम ३१ प्रमाणे त्या जागेच्या प्रभाऱ्याने मंडळाला तत्काळ कळवायचे असते. गळकी पिंपे छपराखाली, पक्क्या फरशीवर आणि भोवती बांध घालून ठेवणे हे एका दिवसाचे काम आहे. त्याची मागणी आजच करा आणि तीही लेखी. वडिलांबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याला माझे उत्तर हेच आहे की त्या ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी पिणाऱ्यांत जवानांची कुटुंबेही असतील. तळाचे पाणी स्वच्छ राखणे ही सेवाच आहे.

तळाबाहेर मात्र काही नेऊ नका. पिंपांची छायाचित्रे, नोंदवहीच्या प्रती किंवा तळाचा नकाशा वार्ताहराला, संस्थेला वा मित्राला देणे हे वर्तणूक नियम ११ चे उल्लंघन ठरेल आणि शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ ची टांगती तलवार त्यावर येईल, मग हेतू कितीही शुद्ध असो. आपली बाजू आज भक्कम आहे, आणि ती दुबळी करण्याचा हा एकच मार्ग आहे.

बदली किंवा शिस्तभंगाच्या कारवाईची भीती खरी आहे, आणि आपली स्थिती इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांपेक्षा थोडी नाजूक आहे हे मी लपवणार नाही. संरक्षणाशी निगडित पदावरील नागरी कर्मचाऱ्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे, म्हणजे चौकशीविना बडतर्फ न होण्याचे, संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. तथापि १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम आपल्यालाही लागू आहेत, त्यामुळे आरोपपत्र, चौकशी आणि अपील हे टप्पे आपल्याला मिळतात. त्यानंतरही अन्याय राहिला तर दाद केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे मागायची, सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे नव्हे. अंतिम आदेशापासून त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. त्या दिवशी आपल्या हाती असावा म्हणून टिपणी देताना तिचा आवक क्रमांक व तारीख लिहून घ्या. कार्यालयाची कागदपत्रे घरी ठेवू नका, तो क्रमांक आणि ती तारीख पुरेशी आहे, कारण मूळ टिपणी न्यायाधिकरण विभागाकडून मागवू शकते.