'डन' लिहिलं म्हणजे बुकिंग झालं का?

प्रश्न: आमचं गोव्यात मांद्र्याला सासऱ्यांचं जुनं घर आहे, तीन बेडरूम, सहा माणसांना भाड्याने देतो, ऑनलाइन लिस्टिंग आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्याच्या एकाने तिथे चौकशी केली, मग इन्स्टावरून नंबर काढून व्हॉट्सॲपवर आला. 29 डिसेंबर ते 1 जानेवारी, तीन रात्री, सहा जण, 54,000 ठरले. रात्री 'डन' लिहिलं, त्याने 10,000 जीपे केले. अर्ध्या तासाने म्हणतो आम्ही अकरा आहोत आणि छोटा डीजे आणू. सकाळी मी लिहिलं, 'अकरा नाही जमणार, पैसे परत पाठवते', आणि लगेच पाठवले. तो म्हणाला, 'ठीक आहे पाठवा, पण आता आम्ही काय करायचं?' दहा दिवसांनी त्याच्या वकिलाची नोटीस, 1,80,000 द्या नाहीतर ग्राहक मंचात जातो. खूप मेसेजना माझ्या मुलाने उत्तरं दिली होती, तो 17 वर्षांचा आहे, त्याने म्युझिकबद्दल 'सगळं होईल' लिहिलं होतं, तो मेसेज मी घाबरून डिलीट केला. पर्यटन खात्यात नोंदणीही करायची राहिली आहे. पण बुकिंग प्लॅटफॉर्मवर झालंच नाही, मग मी का द्यायचं?

उत्तर: ताई, शेवटचं वाक्य आधी घेतो कारण तुमचा सगळा धीर त्याच एका वाक्यावर टेकलाय आणि नेमकं तेच चुकीचं आहे. बुकिंग प्लॅटफॉर्मवर झालं नाही हे खरं, पण व्हॉट्सॲपवर झालं. करार म्हणजे स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही मिरच्यांचा वाटा उचलता आणि ती विकणारी बाई मान डोलावते तोही करारच असतो. 1872 च्या करार कायद्याला एकाचा प्रस्ताव, दुसऱ्याची बिनशर्त संमती आणि मोबदला एवढं पुरतं, आणि मोबाइलवर झालं म्हणून करार खोटा ठरत नाही हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ मध्ये सरळ लिहिलंय. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या केसमध्ये ईमेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार मान्य केला होता, तिथे तर जहाजं भरून बॉक्साइटचा व्यवहार होता, आपलं तीन रात्रींचं घर काय घेऊन बसलात. तारखा ठरल्या, माणसं ठरली, रक्कम ठरली, तुम्ही 'डन' म्हणालात, पैसे आले. झाला करार.

आता घाबरू नका, कारण करार झाला हे तुमच्या विरोधात जातं तसं बाजूनेही जातं. कुठला करार झाला? सहा जणांचा. अकरा आणि डीजे ही अर्ध्या तासानंतरची गोष्ट, म्हणजे त्याने ठरलेली गोष्ट बदलायचा नवा प्रस्ताव दिला, आणि तो मान्य करायचं बंधन तुमच्यावर काडीचंही नव्हतं. ही तुमची सगळ्यात भक्कम जागा आहे. चॅटमध्ये प्रत्येक मेसेजला वेळ असते, 'डन'ची वेळ, पैसे आल्याची वेळ, अकरावाल्या मेसेजची वेळ, या तिन्ही एका कागदावर क्रमाने लिहून काढा, माझ्या मते अर्धी केस त्या कागदावर आहे.

पण मग तुम्ही सकाळी जे टाइप केलंत तिथे जरा गडबड झाली. तुम्ही लिहायला हवं होतं की 'सहा जण येणार असाल तर बुकिंग पक्कं आहे, अकरा असाल तर नाही, काय ते आज संध्याकाळपर्यंत सांगा'. म्हणजे चेंडू त्याच्याकडे गेला असता आणि नाही म्हणायचं काम त्याला करावं लागलं असतं. तुम्ही लिहिलंत 'पैसे परत पाठवते' आणि त्याच्या उत्तराची वाटही न बघता पाठवूनही दिलेत, म्हणजे दरवाजा तुम्ही लावलात, आणि त्याचा वकील आता हेच म्हणणार की माझा अशील सहा जणांनीसुद्धा आला असता, यांनीच मोडलं. त्यावर आपलं उत्तर काय, तर त्याचं ते 'ठीक आहे पाठवा'. दोघांनी मिळून करार सोडून दिला तर तो पाळायची गरज उरत नाही, करार कायद्याचं कलम 62. त्याने 'पण आता आम्ही काय करायचं' असं पुढे जोडलंय, म्हणून हा मुद्दा शंभर नंबरी नाही, पण 'ठीक आहे' नंतर दहा दिवस तो गप्प होता आणि एकदाही 'आम्ही सहाच येतो, घर द्या' म्हणाला नाही, हे आपल्या कामाचं आहे. रुपयातले बारा आणे तुमचे म्हणा.

मुलाचं. 'अहो ते माझ्या मुलाने लिहिलं, तो अज्ञान (अल्पवयीन) आहे' हे नोटिशीच्या उत्तरात चुकूनही लिहू नका. अज्ञान मुलाला स्वतःचा करार करता येत नाही हे बरोबर, पण तुमच्या वतीने बोलता येतं, त्याच कायद्याच्या कलम 184 प्रमाणे तिसऱ्या माणसाच्या दृष्टीने कोणीही एजंट होऊ शकतो, वयाची अट नाही. तुमचा नंबर, तुमच्या घराचा डीपी, पलीकडच्याला कसं कळणार की आई पोळ्या लाटतेय आणि मुलगा टाइप करतोय? गोव्यात निम्म्या घरांचं हेच चाललंय, भाचा उत्तर देतो, केअरटेकर उत्तर देतो, कधीकधी तर शेजारचा रेंट-अ-बाईकवाला उत्तर देतो, आणि बांधला जातो घरमालक.

त्या 'सगळं होईल'ने मात्र एवढं आभाळ कोसळत नाही. एक तर ते 'थोडं म्युझिक चालेल ना' या प्रश्नाचं उत्तर होतं असं तुम्ही पुढे लिहिलंय, डीजेचं नव्हतं. आणि दुसरं, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच बंदी आहे, सरकार वर्षातले मोजके दिवस 12 पर्यंत सूट देतं ती वेगळी. शिवाय तुमचा पट्टा मोरजी-मांद्र्याचा, कासवं अंडी घालायला येतात ती किनारपट्टी. जी गोष्ट कायद्यानेच करता येत नाही तिचं वचन दिलं तरी त्याला ते कोर्टातून वसूल करता येत नाही. तरी एक विचारतो, का लिहायचं असं? पाहुण्याला नाही म्हटलं की तो जाईल ही भीती मला समजते, पण बुकिंगच्या आधी मारलेली गोड गप बुकिंगनंतर तक्रार होऊन परत येते. माझ्याकडे एक जण आले होते, त्यांनी 'एअरपोर्ट किती लांब' याला 'अर्धा-पाऊण तास' लिहिलं, त्यांच्या मनात मोपा, पाहुणा उतरला दाबोळीला, तिथून मांद्रं-हरमल म्हणजे दीड-दोन तास आणि टॅक्सीचं भाडं ऐकून त्याचं डोकंच फिरलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण समोरचा बाहेरचा आहे, त्याला दोन विमानतळ माहीत असतीलच असं नाही, ते सांगायचं काम आपलं.

मेसेज डिलीट केलात ते चांगलं केलं नाहीत. सगळ्यांसाठी डिलीट केला असेल तर तिथे 'हा मेसेज डिलीट केला' अशी खूण राहते, त्याच्याकडे तो मेसेज किंवा स्क्रीनशॉट असला तर आपण काहीतरी लपवलं असं दिसतं, आणि लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच हे आत्ताच बघितलं. आता उत्तरात स्वतःहून सांगायचं की असा मेसेज होता, तो कुठल्या प्रश्नाला होता, आणि घाबरून काढला. यापुढे एकही मेसेज काढू नका, चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर पाठवून ठेवा, फोन विकू नका, रिसेट करू नका. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा आलाय, त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा. ग्राहक आयोग (तुम्ही म्हणता तो मंच) पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण त्या भरवशावर राहू नका.

लिस्टिंगवर 'जास्तीत जास्त सहा' आणि 'पार्टी नाही' असं लिहिलंय म्हणताय. चांगलं आहे, पण तो व्यवहार तिथून उचलून तुम्ही दोघांनी व्हॉट्सॲपवर आणलात, त्यामुळे तिथले नियम आपोआप इथे लागू होत नाहीत. त्याला ते माहीत होते एवढं मात्र दाखवता येईल, कारण पहिली चौकशी त्याने तिथूनच केली. ती चौकशी प्लॅटफॉर्मच्या इनबॉक्समध्ये असेल, तीही जपा. आणि पुन्हा असं बाहेर आणू नका, एअरबीएनबीसारख्या ठिकाणी तिथे भेटलेल्या पाहुण्याकडून बाहेर पैसे घेणं त्यांच्या नियमांत बसत नाही, लिस्टिंग जाऊ शकतं. तिथली पद्धत उलट आपल्या फायद्याची आहे, नुसती चौकशी आली की उत्तर द्या, वाटलं तर प्री-अप्रूव्ह करा म्हणजे आधीच होकार द्या, पाहुण्याला बुक करायला 24 तास मिळतात आणि तोवर तारखा अडकतही नाहीत. व्हॉट्सॲपवरच्या 'डन'ला असली काही पायरीच नाही.

पैशाचं. नोटिशीत 1,80,000 कसे मोजलेत बघा, दुसरा व्हिला 90,000 ला घेतला म्हणून वरचे 36,000, टेम्पो ट्रॅव्हलरचं रद्द झालेलं 24,000 आणि मानसिक त्रासाचे 1,20,000. दुसरा व्हिला किती जणांचा? अकरांचा, स्विमिंग पूलसकट, असं त्यांनीच लिहिलंय. म्हणजे सहा जणांच्या साध्या घराची तुलना अकरांच्या पूलवाल्या घराशी, हे चालत नाही. करार कायद्याच्या कलम 73 मध्ये करार मोडल्याने साहजिक जे नुकसान होतं तेवढंच मिळतं, आणि ते कमी करायला त्याने स्वतः काय केलं हेही बघतात. त्याच्या हातात तीन आठवडे तरी होते. ट्रॅव्हलर रद्द का केली तेही कळत नाही, दुसरा व्हिला घेतला म्हणजे गोव्याला तर ते येणारच. मानसिक त्रासाचा आकडा हा नोटिशीत लिहायचा असतो म्हणून लिहिलेला आकडा आहे, आम्ही वकील मंडळी तो कसा ठरवतो ते न विचारलेलं बरं.

तो खरंच केस करेल का, तर करू शकतो. मंच म्हणतात सगळे अजून, 2019 च्या कायद्यानंतर त्याचं नाव जिल्हा आयोग झालंय, आणि ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार चालते, म्हणजे इथे गोव्यात पर्वरीला नाही, पुण्यात. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असली की फी शून्य. तुम्हाला दरवेळी पुण्याला पळावं लागेल असं नाही, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगसाठी अर्ज करता येतो. पण एक गोष्ट दगडावर कोरून ठेवा, तिथून समन्स आलं की लेखी उत्तराला 30 दिवस आणि फार तर वर 15, त्यानंतर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितल्याप्रमाणे एकही दिवस मिळत नाही. चवथ (गणपती) होती, सासूबाई आजारी होत्या, काही चालत नाही.

नोंदणीचं लगेच करा. 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ती लागतेच, जुनं राहतं घर आहे, दोनचारच बुकिंग येतात, ही सबब नाही. नुसती नोंदणी नाही एवढ्यावरून त्याला तुमच्याकडून पैसे मागता येत नाहीत, तो दंड तुम्ही आणि खातं यांच्यातला, पण आयोगासमोर विनानोंदणीची घरमालकीण म्हणून उभं राहणं बरं दिसत नाही. त्याने खात्याकडे तक्रार करायच्या आधी तुमचा अर्ज पणजीला पाटोवर पर्यटन भवनात पोचलेला असू दे. 'पैसे द्या नाहीतर तक्रार करतो' म्हणजे खंडणी, असं तुमच्या दिरांचं मत आहे म्हणे. त्यांना सांगा की खऱ्या गोष्टीची तक्रार करण्याची धमकी घेऊन पोलिसात गेलो तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारतील.

नोटिशीला उत्तर द्याच, पंधरा दिवसांच्या आत, वकिलाकडून, दोन पानांच्या वर नको. भांडण मिटवायचं असेल तर हक्क अबाधित ठेवून, चूक कबूल न करता, पाच-सात हजारांची तयारी ठेवा, त्याच्या वर मी तरी जाणार नाही.

आणि पुढच्या पाहुण्याला 'डन' ऐवजी हे पाठवा, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, मुलाच्याही: 'तारखा आत्ता रिकाम्या आहेत, अजून बुकिंग झालेलं नाही. घर सहा जणांचं, लहान मुलं धरून. रात्री 10 नंतर बाहेर म्युझिक नाही. बीच चालत पंधरा मिनिटं, मोपा जवळ, दाबोळी लांब. सगळ्यांची नावं पाठवा, ॲडव्हान्स आला आणि मी कन्फर्म लिहिलं की बुकिंग पक्कं.' अंतर स्वतः चालून बघून लिहा. आधार मागायचं असेल तर आकडे झाकलेलं मागा आणि कामापुरतंच ठेवा. विदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट-व्हिसा आधीच विचारा कारण तो आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. लग्न झालंय का ते विचारू नका, सज्ञान जोडप्याला खोली देऊ नये असा कुठला कायदा नाही.

नोटीस आलेलं पाकीटही फेकू नका, त्यावर तारीख असते. आणि हो, व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप गायब होण्याचं सेटिंग चालू असेल तर दुसरं काही करायच्या आधी ते बंद करा.