सोडून गेलेला गिटारिस्ट आणि अर्धा कापलेला मेसेज

प्रश्न : आमचा पुण्यातला थ्रॅश मेटल बँड आहे. आधीचा लीड गिटारिस्ट भांडून बाहेर पडला. त्याच्या जागी नवा मुलगा आला आणि आम्ही नऊ गाण्यांचा अल्बम काढला. त्यातली चार गाणी जुन्या गिटारिस्टच्या काळातली, मी आणि त्याने मिळून बसवलेली. त्याचं रेकॉर्डिंग आम्ही वापरलं नाही, सगळी गिटार नव्याने वाजवून घेतली. शिवाय ‘गाणी वापरा’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं, स्क्रीनशॉट जोडला आहे. तरी त्याने डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे आमची गाणी ॲपवर चढवणाऱ्या कंपनीकडे, तक्रार केली आणि अल्बम सगळ्या ॲपवरून उतरला. याला आठ महिने झाले. कोर्टात गेलो तर अल्बम परत चढेल का?

उत्तर : अशी पत्रं ढोल-ताशा पथकांपासून लावणीच्या फडांपर्यंत सगळीकडून येतात, फक्त वाद्यं बदलतात. त्याने कॉपीराइटची नोंदणी केली नव्हती आणि बँड स्वतःहून सोडला, हे तुम्ही पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. दोन्हींचा उपयोग नाही. कॉपीराइट नोंदणीवाचून मिळतो आणि बँड सोडल्याने जात नाही.

गिटार पुन्हा वाजवून घेतल्याने एकच गोष्ट साधली. त्याच्या वादनावरचा, म्हणजे कलावंत म्हणून असलेला त्याचा हक्क तुमच्या रेकॉर्डिंगमधून बाहेर गेला. गाण्याची रचना हा वेगळा हक्क आहे आणि तो जागचा हललेला नाही. नव्या मुलाने तोच रिफ (गिटारवरची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट), तोच सोलो वाजवला तर बोटं नवी, रचना जुनीच. मेटलवाल्यांना हे मी सांगावं लागू नये. ऑझी ऑस्बोर्नचा ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ आठवा. १९८१च्या त्या अल्बमवर बास बॉब डेझलीने आणि ड्रम ली कर्सलेकने वाजवले, पण अल्बम येईपर्यंत माणसं बदलली होती म्हणून वेष्टनावर रूडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिज झळकले. पुढे पैशांवरून वाद पेटला. २००२च्या आवृत्तीत तर जुने बास-ड्रम काढून रॉबर्ट ट्रुहिओ आणि माइक बॉर्डिनकडून नव्याने वाजवून घेतले. चाहते खवळले, २०११मध्ये मूळ वादन परत आलं. वाजवणारे दोनदा बदलले, पण लिहिणाऱ्यांमधलं डेझलीचं नाव त्यामुळे पुसलं गेलं नाही. तो वाद तिकडच्या कायद्याखालचा होता, पण रचना आणि वादन यांतला हा फरक आपल्या कायद्यातही आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या स्क्रीनशॉटच्या खालच्या कडेला पुढच्या मेसेजचा वरचा अर्धा भाग दिसतो. म्हणून पूर्ण चॅट मागवलं. ‘गाणी वापरा’ याच्या खाली लगेच लिहिलंय, ‘पण नाव आणि माझा वाटा पाहिजे.’ त्यावर तुम्ही अंगठा पाठवलात. तुमचं सगळं प्रकरण या दुसऱ्या ओळीवर आणि त्या अंगठ्यावर उभं आहे, आणि नेमकी तीच ओळ तुम्ही मला पाठवली नाहीत. समोरचा वकील ती पहिल्या तारखेलाच दाखवेल.

कायदा असा. हक्क कायमचे दुसऱ्याकडे द्यायचे तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी कागद आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. ती तुमच्याकडे नाही, तेव्हा त्याचे हक्क तुमच्याकडे आलेलेच नाहीत. पण वापरण्याची परवानगी, म्हणजे लायसन्स, कलम ३० खाली येतं. तिथेही पूर्वी सही लागायची. २०१२च्या दुरुस्तीने ‘सही’ हा शब्द काढला, ‘लेखी’ एवढाच ठेवला. त्यामुळे तो मेसेज म्हणजे लेखी लायसन्स होतं, असा युक्तिवाद मी बेधडक करीन. न्यायाधीश तो मान्य करतील याची हमी देणार नाही, कारण कोणती गाणी, वाटा किती, यातलं काहीच त्यात नाही. आणि मान्य केला तरी लायसन्स अटींसकट येतं. नाव आणि वाटा, या दोन अटी तुम्ही अंगठ्याने स्वीकारल्या आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत चारही गाण्यांना संगीतकार म्हणून नव्या मुलाचं नाव टाकलं! ही घाई कोणाच्या डोक्यातून निघाली ते विचारत नाही. रचनाकार म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क कलम ५७ ने वेगळा राखला आहे, हक्क विकून टाकले तरी तो उरतो.

शिवाय कलम १९ मधले काही नियम लायसन्सलाही लागू होतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा अल्बम जर्मनी-ब्राझीलमध्येही ऐकू येत होता. म्हणजे मेसेज तुमच्या बाजूने वाचला तरी देशाबाहेरचं झाकण उघडंच.

चारही गाणी तुम्ही दोघांनी जॅम रूममध्ये मिळून केली आणि कोणाचा भाग कुठे संपतो ते वेगळं काढता येत नसेल, तर तुम्ही सहरचनाकार. एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाने देऊ शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सहमालकांच्या एका वादात म्हटलं आहे. डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मवर ‘सर्व हक्क माझे आहेत’ या चौकटीत तुम्ही टिचकी मारली तेव्हा हेच केलंत. पण हा नियम त्यालाही बांधतो. तुमच्या संमतीशिवाय ती गाणी त्यालाही त्याच्या नव्या बँडसाठी काढता येणार नाहीत. बोलणी करायला बसाल तेव्हा हाताशी असलेलं तुमचं हे एकमेव पान.

कव्हर, म्हणजे आधीच आलेलं गाणं नव्याने वाजवलेलं, अशी पळवाट काढता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. कलम ३१सी वाचा. गाणं आधी मालकांच्या संमतीने ध्वनिमुद्रित झालेलं असावं लागतं, त्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं, आणि प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी. पुण्यातल्या थ्रॅश बँडने एवढ्या प्रतींची रॉयल्टी भरली तर मी स्वतः मोशपिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या धक्काबुक्कीच्या नाचात, उतरेन.

कोर्टाचं म्हणाल तर आठ महिने वाया घालवून तुम्ही स्वतःच दार अरुंद केलंत. दाव्याची किंमत ३ लाखांच्या खाली नसेल तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयात जाईल. तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पक्कं केलं. तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तरच सूट. अल्बम उतरल्याच्या आठवड्यात आला असतात तर तातडी दाखवता आली असती. आठ महिन्यांनी कसली तातडी? मध्यस्थीला तीन महिने, दोघे तयार असतील तर आणखी दोन. मग दावा, मग लेखी जबाबाला जास्तीत जास्त १२० दिवस, आणि त्यानंतर किती वर्षं ते मी सांगत नाही, कारण व्यावसायिक न्यायालयं वेगासाठी काढली असं कागदावर लिहिलेलं आहे. तोवर तुमचा आणखी एक ड्रमर बदललेला असेल. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर मजकूर परत चढतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं कलम ५२ मधलं आहे. ते मजकूर पोचवताना मध्येच होणाऱ्या तात्पुरत्या, आनुषंगिक साठवणीपुरतं आहे. तुमचा डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या करारावर बोट ठेवेल आणि बहुधा त्याचंच चालेल.

तेव्हा मध्यस्थीचा अर्ज करा, नाहीतर सरळ त्याला फोन करा. वाद मिटला तर कागद असा हवा : चारही गाण्यांची नावं, प्रत्येकातला दोघांचा वाटा टक्क्यांत, प्रदेश संपूर्ण जग, मुदत स्पष्ट, आणि वर्षभरात हक्क वापरला नाही तरी तो रद्द होणार नाही असं वाक्य. हे वाक्य नसेल तर कलम १९ प्रमाणे न वापरलेलं हस्तांतरण वर्षभराने गळून पडतं, आणि मेटल बँडला अल्बम मिक्स करायलाच वर्ष लागतं. ‘एकरकमी घेऊन रॉयल्टीवर पाणी सोडलं’ असं मात्र लिहून घेऊ नका. रचनाकाराचा समान रॉयल्टीचा हक्क २०१२ पासून वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कोणाकडे सोडता येत नाही. मुद्रांक किती ते कागद करणाऱ्या वकिलाला विचारा. सही झाली की आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीकडे, वाटे नोंदवा, डिस्ट्रिब्युटरला त्याच्याकडून तक्रार मागे घेतल्याचं पत्र पाठवा आणि श्रेयनामावली दुरुस्त करूनच अल्बम चढवा. घाई असेल तर उरलेली पाच गाणी आज स्वतंत्र ईपी (छोटा अल्बम) म्हणून काढा. ती खरोखर त्याच्याशिवाय झाली असतील तर तुम्हाला अडवायला त्याच्याकडे काही नाही.

बँडच्या नावावर हक्क कोणाचा, हे तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. नाव कोणी आधी वापरलं, ट्रेडमार्कचा अर्ज कोणी केला, यावर ते ठरेल. तूर्त त्या नावावर अर्ज करून त्याला डिवचू नका.

आणि त्या पाच गाण्यांत नव्या गिटारिस्टचे जे रिफ आहेत त्यांचा कागद कुठे आहे? तो अजून बँडमध्ये आहे आणि खुश आहे. त्याची सही याच आठवड्यात घ्या, पेनाने, कागदावर.