‘मॅडम, मी नुसता आरंभशूर आहे!’

‘सुरुवात जोरात होते, पण टिकत नाही.’ हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने ‘सुरुवात’ म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. व्यायाम, वाचन, पहाटे उठणं, मोबाइल बाजूला ठेवणं, कमी चिडणं. विषय बदलतो, तक्रार तीच. आणि शेवटी स्वतःवर मारलेला शिक्का: मी आळशी, माझ्यात दमच नाही.

असेच एक गृहस्थ आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चाळिशीच्या अलीकडचे, नोकरी चांगली, घरी बायको आणि लहान मुलगी. तसा त्रास काहीच नाही, असं त्यांनीच दोनदा सांगितलं. “पण मॅडम, दिवस नुसते निघून जातायत. यशस्वी माणसांना चांगल्या सवयी असतात. मला एकही लागत नाही. नुसता आरंभशूर आहे मी.” असं म्हणत त्यांनी बॅगेतून एक जाडजूड वही काढली.

वही बघण्यासारखी होती. पट्टीने आखलेले रकाने, लाल-निळी शाई. पाचला उठणे, ध्यान, व्यायाम, वीस पानं वाचन, कृतज्ञतेच्या तीन ओळी... एकूण अकरा सवयी. एक तारखेपासून नऊ तारखेपर्यंत छापल्यासारख्या बरोबरच्या खुणा. दहा तारखेला एक फुली. त्यापुढे सगळं कोरं. मग नवा महिना, नवी आखणी, या वेळी सहा तारखेपर्यंत.

इथे मी एक चूक केली. अकरा फार होतात, तीनच ठेवा, असा सल्ला देऊन मोकळी झाले. पुढच्या भेटीला ते तीन रकान्यांचं देखणं पान घेऊन आले. पाच खुणा, एक फुली, मग कोरं. पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे दुखणं रकान्यांच्या संख्येत नव्हतं. तेव्हा मी खुणा बघणं सोडलं आणि दहा तारखेच्या त्या जुन्या फुलीवर बोट ठेवलं.

“या दिवशी काय झालं होतं?”

“मुलीला ताप होता. रात्रभर तिच्याजवळ बसलो. सकाळी व्यायाम राहिला.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी ताप उतरला.”

“व्यायामाचं विचारतेय.”

ते ओशाळले. “एकदा खंड पडल्यावर काय अर्थ आहे, मॅडम? म्हटलं, आता एक तारखेपासूनच नीट करू.”

“त्या रात्री तुम्हाला डुलकी लागली का?”

“लागली की. तीनच्या सुमारास. बायकोने उठवलं तेव्हा कपाळावरची पट्टी सुकून गेली होती.”

“मग तेव्हा म्हणालात का, ‘खंड पडला, आता काय अर्थ आहे, पुढच्या तापापासून नीट बघू’?”

ते मोठ्याने हसले. मग हसू ओसरलं आणि ते वहीकडे बघत बसले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. दोनेक मिनिटांनी ते म्हणाले, “तिथे मी स्वतःला मार्क देत नव्हतो. पट्टी सुकली होती, ओली केली, ठेवली. बस.”

हेच मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावून वहीत टिपून घेतलं असतं. ते त्यांचं त्यांना सापडलं. थोडं श्रेय माझ्या प्रश्नाला आहे, असं मी आपलं मनातल्या मनात म्हणते.

माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. त्यांनी ती १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. इच्छा आणि हट्ट यांतला फरक त्यांनी फार नेमका पकडला आहे. ‘रोज व्यायाम झाला तर मला आवडेल’ ही इच्छा. ‘झालाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा हट्ट. इच्छेत एक दिवस चुकला तर चुटपुट लागते आणि उद्या करावंसं वाटतं. हट्टात मात्र निकाल व्यायामाचा लागत नाही, सबंध माणसाचा लागतो. नापासाचा शेरा रोज कोण उघडून बघेल? म्हणून वही मिटते. या गृहस्थांच्या कोऱ्या पानांना त्यांच्याइतकीच मीही आळस म्हणत होते. तो आळस नव्हता, तो निकाल टाळणं होतं.

त्यात ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या समजुतीने भर घातलेली असते. हा आकडा १९६०च्या सुमारास एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान इतके दिवस लागतात, एवढंच त्याचं मूळ म्हणणं. पुढे २००९मध्ये लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मी हे सगळ्यांना दोनदा सांगते: मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही.

मग आम्ही काय केलं? सवय एकच ठेवली, आणि ती घड्याळाला न बांधता आधीपासून होणाऱ्या गोष्टीला बांधली. दात घासून झाले की व्यायाम. जागरणाच्या, आजारपणाच्या दिवसांसाठी वेगळं माप ठरवलं: फक्त हातपाय ताणायचे, दोन मिनिटं. फुलीच्या जागी कारण लिहायचं, चार शब्दांत. आणि एक तारखेची वाट बघायची नाही.

“पण एवढी सूट दिली तर मी सैलावेन,” ते म्हणाले. हेही प्रत्येक जण म्हणतो. मी विचारलं, “आणि इतकी वर्षं झोडपून किती दिवस टिकलं?” त्यांनी वही चाळली. सर्वांत मोठी धाव नऊ दिवसांची.

वही चाळताना मला आणखी काहीतरी दिसलं. समासात पेन्सिलीने काढलेली चित्रं. चिमणी, चष्मा, झोपलेली मुलगी, कोपऱ्यात एका पायात बूट नसलेली आकृती. कोऱ्या पानांवरही होती, उलट तिथे जास्तच.

“ही कुणी काढली?”

“मीच. फोनवर बोलताना चाळा असतो हो.”

“बरं वाटतं?”

“वाटतं ना.” मग घाईघाईने, “पण त्याचा काही उपयोग नाही.”

उपयोगाचं मी त्या दिवशी बोलले नाही. फक्त म्हटलं, चित्रं काढत राहा आणि दाखवायची असतील तर दाखवा.

तीन महिन्यांनी ते शेवटचे आले, तेव्हा व्यायामाच्या पानावर खुणा होत्या, आणि मध्ये मध्ये ‘प्रवास’, ‘उशीर झाला’, एकदा नुसतंच ‘कंटाळा’. प्रत्येक कारणाखाली दुसऱ्या दिवशीची खूण. चित्रांसाठी मात्र वेगळी, विनारेघांची वही घेतली होती. पहिल्या पानावर मुलगी, कपाळावर पट्टी.

“यालाही तारखा घालू का, मॅडम?” त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच हसून वही बॅगेत टाकली.