दौऱ्यावर आलेले संगीत नाटक मित्राला दाखवावे, की पुण्याला नेऊन दाखवावे?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या मित्राने आजवर एकही संगीत नाटक पाहिलेले नाही त्याला पहिल्यांदा न्यायचे असेल, तर आपल्या जिल्ह्याच्या गावी दौऱ्यावर येणारा प्रयोग दाखवावा की थोडे थांबून पुण्यातला दाखवावा. कारण दौऱ्यावरचे प्रयोग कापलेले असतात, असे आपल्याला कोणीतरी सांगितले आहे. तिकिटे कोणत्या रांगेची घ्यावीत, हेही आपण विचारले आहे. रांगेचे नंतर पाहू. हे 'कोणीतरी' कोण ते मला ठाऊक नाही, परंतु अगदी हेच वाक्य आमचे पुण्याचे दाजी वर्षानुवर्षे प्रत्येक दिवाळीत जेवणाच्या पानावर ऐकवत आले आहेत. दाजींना उलट बोलण्याची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे तिथे न बोललेले बरेचसे इथे येईल आणि उत्तर लांबेल.

दौऱ्यावरचा प्रयोग कापलेला असतो, हे खरे आहे. पुण्यातला प्रयोगही कापलेलाच असतो, हेही तितकेच खरे आहे आणि ते मात्र कोणी सांगत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'चे पुस्तक उघडून पाहिले तर पाच अंक आणि शंभराहून अधिक पदे दिसतील. ती सगळी गायची ठरवली आणि त्यात चार ठिकाणी वन्स मोअर घेतला, तर प्रेक्षकांना उजाडल्यावरच घरी जावे लागेल. पूर्वी तसेच होत असे. आता तीन-साडेतीन तासांत पडदा पाडायचा म्हटल्यावर कात्री लागणारच, मग ते नाट्यगृह पुण्यात मुठेच्या काठी असो वा आमच्या जालन्यात कुंडलिकेच्या. फार कशाला, ज्या प्रयोगापासून आपण संगीत रंगभूमीचा इतिहास मोजतो, त्या 31 ऑक्टोबर 1880 च्या 'शाकुंतल'मध्ये सातांपैकी पहिले चारच अंक झाले होते. आणि 1882 मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आले तेव्हाही पहिले तीनच अंक झाले, पूर्ण नाटक पुढच्या वर्षी. अपुरा प्रयोग पाहणे हा कमीपणा असेल, तर त्याचा मान पहिल्या दिवशीच्या पुणेकर प्रेक्षकांकडे जातो.

खरा प्रश्न कात्री कुठे लागली हा आहे. अख्खे पद गाळले तर नवख्या माणसाचे काही बिघडत नाही. परंतु पद सुरू करून धृपदावरच, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या पहिल्या ओळीवरच, सोडून देणे, अंतरा म्हणजे त्यापुढचे कडवे न घेता पुढच्या संवादावर उडी मारणे, हा प्रकार दौऱ्यावर सर्रास चालतो आणि त्याला माझी हरकत आहे. ती माझ्याआधी माझ्या मित्राने भर नाट्यगृहात घेतली, तोही संगीत नाटकाला पहिल्यांदाच आलेला असताना.

या मित्राला मी इथे ज्ञानोबा म्हणतो. परतूर तालुक्यात त्याची शेती आहे आणि गावच्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवतो. मी शाळेत शिक्षक होतो, त्यामुळे वयाने बरोबरीचा असूनही तो मला गुरुजीच म्हणतो. जालन्याला 'सौभद्र'चा प्रयोग येत असल्याचे मी त्याला सांगितले, तेव्हा नाटकापेक्षा त्याला पखवाजाची काळजी अधिक होती. त्याची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, फाटलेली होती आणि सप्ताह जवळ आला होता. म्हणून सकाळच्या गाडीने आम्ही पखवाजासह जालन्याला गेलो, पखवाज दुरुस्तीला टाकला, मोंढ्यात त्याची बियाण्यांची चौकशी झाली, एका खानावळीत पिठले-भाकरी झाली आणि दुपार उलटल्यावर पुन्हा त्या कारागिराच्या दुकानात जाऊन बसलो. नवी पुडी चढवून वाद्या ओढून होईपर्यंत संध्याकाळ झाली. पखवाज ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो घेऊनच आम्ही नाट्यगृहाच्या दारात उभे राहिलो.

दारावरच्या माणसाने अर्थातच अडवले. त्या गोंधळात आत जाणारा एक गृहस्थ थांबला, त्याने गवसणीवरून हात फिरवला, "नवी पुडी दिसते," असे म्हणाला आणि पखवाज सरळ आपल्याबरोबर घेऊन गेला. तो नाटक मंडळीचा तबलजी होता. रंगमंचासमोर डावीकडे ऑर्गनच्या शेजारी त्याची बैठक होती आणि तिथेच त्याने आमचा पखवाज ठेवून घेतला. त्यानंतर पडद्याकडे कोण बघतो! ज्ञानोबाचे सगळे लक्ष त्या कोपऱ्याकडे. तबलजीने हातोडीने गठ्ठे ठोकत तबला ऑर्गनच्या पट्टीला मिळवला, एका घरात किंचित कमी वाटले म्हणून पुन्हा फिरून आला, आणि ते जुळल्याचे ज्ञानोबाने मान हलवून मला सांगितले तेव्हा तिसरी घंटा झालेली नव्हती.

तिसरी घंटा होऊनही नाटक सुरू झाले नाही. आयोजक मंडळाने सत्कार ठेवले होते. आपण मराठवाड्यातले असाल तर पुढचे सांगण्याची गरज नाही: शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांचे मनोगत, मग ज्यांचा राहिला त्यांची समजूत. या सगळ्यात जो वेळ गेला, तो शेवटी कोणाच्या खात्यातून वळता झाला असेल? किर्लोस्करांच्या. नाट्यगृह ठरावीक तासांसाठी भाड्याने मिळते, मंडळींना रातोरात नेपथ्याचा टेम्पो भरून दुसऱ्या दिवशीच्या गावाला निघायचे असते, आणि पाहुण्यांचे भाषण कापता येत नसल्यामुळे नाटकच कापावे लागते. दौऱ्यावरच्या कात्रीचे मूळ पुष्कळदा असे आपल्याच व्यासपीठावर असते, कलावंतांच्या आळसात नसते. दाजींना मी हे कधी सांगितलेले नाही, कारण ते सांगितले तर त्यांचाच मुद्दा बळकट होईल.

पण नांदी सुरू झाली आणि ज्ञानोबा सरसावून बसला. मला वाटले होते की पदे त्याला परकी वाटतील, मला जागोजागी समजावून सांगावे लागेल. तसे काहीच झाले नाही. 'सौभद्र'मध्ये साक्या आणि दिंड्या, म्हणजे कीर्तनात म्हणतात ती वृत्ते, भरपूर आहेत. किर्लोस्करांनी रागदारीबरोबरच कीर्तनातल्या आणि लावणीच्या चालींचाही मुक्त हस्ताने वापर केला. पहिल्या दिंडीलाच ज्ञानोबाने माझ्या गुडघ्यावर ठेका धरला. "हे तर आमच्या बुवांचं," तो म्हणाला. कथा तर त्याला माझ्यापेक्षा पाठ होती. एकच शंका त्याने विचारली, आणि ती पुण्याच्या कोणत्याही प्रेक्षकाला सुचणार नाही: सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाची मुलगी, मग तिच्यावर हक्क त्याचाच असताना एवढे संन्याशाचे सोंग आणि एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत असल्यामुळे मागच्या रांगेतल्या बाईंनीही या शंकेला दुजोरा दिला. बलरामाला दुर्योधनाचे स्थळ पसंत होते, एवढे मी हळू आवाजात सांगितले. "सोयरीक अशानंच मोडती," असे म्हणून त्याने विषय मिटवला.

मध्यंतरानंतर कात्री चालू लागली. सुभद्रेची पदे तेवढी नीट झाली. कृष्णाचे 'प्रिये पहा' आले तेव्हा गायक नटाचा आवाज चांगला लागला होता, धृपद त्याने फार सुंदर आळवले, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला आणि थांबला; रुक्मिणीने पुढचा संवाद सुरू करायला तोंड उघडले. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज गेला, "महाराज, अंतरा राहिला!"

नाट्यगृहात क्षणभर कोणाला काही कळेना. मला संकोच वाटला हे मी नाकारत नाही. परंतु ज्ञानोबा बसलेलाच होता, आवाजात कसलाही उद्धटपणा नव्हता, भजनात एखादा नवखा गायक चरण विसरला तर ज्या सुरात आठवण करून देतात त्याच सुरात तो बोलला होता. अभंगाचे धृपद म्हणून चरण न घेताच टाळ खाली ठेवलेले त्याने जन्मात पाहिलेले नव्हते. पहिल्यांदा हसला तो तबलजी. त्याने मान वळवून आमच्या रांगेकडे पाहिले आणि तबल्यावर ठेका तसाच चालू ठेवला. मग मागून आणखी दोघातिघांनी "अंतरा घ्या" म्हटले, टाळ्या पडल्या, ऑर्गनवाल्याने सूर भरला, आणि कृष्णाने रुक्मिणीकडे हात करून, जणू तिनेच आग्रह केला आहे अशा बेताने अंतरा उचलला. नुसता उचलला नाही, त्याने त्यात जागा घेतल्या, तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून, तो समेवर आला तेव्हा ज्ञानोबाचा हात माझ्या गुडघ्यावर असा पडला की गुडघा मला दुसऱ्या दिवशीही आठवत होता. त्यानंतर त्या रात्री एकही पद धृपदावर सुटले नाही.

हे मी त्या दिवाळीत दाजींना सांगितले. ते म्हणाले, "ओरडणे म्हणजे रसिकता नव्हे." मी गप्प बसलो, पण हे मला मान्य नाही. वन्स मोअर हेही ओरडणेच आहे आणि त्याचे कौतुक पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एक वन्स मोअर गायकाच्या आधीच्या गाण्याला दाद देतो, दुसरा आवाज त्याच्या न गायलेल्या गाण्याची मागणी करतो. मला दुसरा अधिक जाणकार वाटतो. आणि संगीत नाटक ही पुण्याची वडिलोपार्जित मालमत्ता आहे, असा जो सूर असतो त्याला तर काहीच आधार नाही. मराठी नाटकाचा आरंभ ज्यांच्यापासून मानतात ते विष्णुदास भावे सांगलीचे, किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, 'शारदा' लिहिणारे देवल हरिपूरचे, 'मानापमान'चे खाडिलकर पुन्हा सांगलीचे, 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि अलीकडे 'देवबाभळी' लिहिणारे प्राजक्त देशमुख नाशिकचे. मास्टर कृष्णरावांनी गंधर्व नाटक मंडळी गाजवली, त्यांचे तर फुलंब्रीकर हे आडनावच आमच्या मराठवाड्यातल्या फुलंब्रीचे. शिवाय किर्लोस्कर मंडळी काय किंवा 1913 मध्ये निघालेली गंधर्व मंडळी काय, या कंपन्या बिऱ्हाडासह गावोगाव मुक्काम करून जगल्या. संगीत नाटक दौऱ्यावरच वाढलेले आहे. ते एका जागी बसून पाहायचे असते ही समजूत नंतरची. उलट दिशेचा दौराही होतो: 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' 2012 मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा त्यातले बहुतेक कलाकार आमच्या जालन्याकडचे होते आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी रांगा लावून ते पाहिले. ते रूढ अर्थाने संगीत नाटक नाही, संभाजी भगतांची गाणी त्यात असली तरी. पण दाजींनी ते पाहिले आहे आणि त्यांना आवडलेही आहे, म्हणून नोंदवले.

तेव्हा आपल्या मित्राला आपल्याच गावी न्या. नाटक निवडण्याची संधी असेल तर 'सौभद्र' किंवा 'संशयकल्लोळ' निवडा. 'कट्यार' 1967 पासून गाजते आहे आणि ते थोर नाटक आहे, परंतु दोन घराण्यांचे वैर समजायला कानाला थोडी सवय लागते. पहिल्याच वेळी ते दाखवले तर मित्र तानांवर थक्क होईल आणि भांडण कशावरून चालले आहे ते विचारील. अर्थात तो कव्वालीत किंवा भजनात मुरलेला असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा.

रांगेविषयी: पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव असतात, त्या तशाच असू द्याव्यात, कारण तिथे ध्वनिक्षेपकाचा आवाज अंगावर येतो आणि पाहुणे मध्यंतरात निघून जातात. मधली रांग घ्यावी, आणि शक्य असेल तर ऑर्गन-तबल्याच्या बाजूची. बाल्कनीत गाणे चांगले पोचते, पण शब्द हरवतात, निदान आमच्याकडच्या नाट्यगृहांत तरी.

आता राहिलेले सांगतो. आपल्या गावच्या आयोजकांना आधी फोन करून सत्कार आहेत का ते विचारा. असतील तर घरून जेवून निघा. आपला मित्र वयस्क असेल, त्याला रात्रीचा प्रवास झेपत नसेल, तर मी वर लिहिलेले सगळे विसरून पुण्याचा दुपारचा प्रयोग पाहिलात तरी माझी तक्रार नाही. आणि परतीची सोय तिकिटे काढण्याआधी बघा. आमचा अंतरा झाला, पण परतूरची शेवटची गाडी गेली, आणि ज्ञानोबाच्या एका पाहुण्याच्या घरी जुन्या जालन्यात आम्ही मध्यरात्री दार वाजवले. त्यांनी घेतले, सगळे घेतीलच असे नाही.