व्हिएन्नाला जाऊ का, असं विचारलंस म्हणून

तू तासगावची, नोकरी ट्रॉम्बेला अणुऊर्जा खात्यात, आणि आता तीन वर्षांसाठी व्हिएन्नाला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अणुसुरक्षा (न्यूक्लियर सिक्युरिटी) विभागात प्रतिनियुक्तीवर जायची संधी आली आहे. नवरा सांगलीत कॉलेजात शिकवतो, मुलगा आठ वर्षांचा, सासूबाई तासगावात एकट्या. तू चार प्रश्न विचारलेस: काम नक्की काय असतं, मुलाला न्यावं की ठेवावं, एकटं वाटतं का, आणि ताई, जाऊ का. मी सांगलीच्या गावभागातली, 2017 च्या जुलैत याच वाटेनं इथे आले, तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. तुझा प्रश्न वाचून चार दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते. तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस.

पगार, भत्ते, विमा, सामान किती किलो नेता येतं, हे तुझं कार्यालय सांगेल आणि नीट सांगेल. त्यातलं मी काही लिहीत नाही.

कामाचा तपशीलही लिहिणार नाही, पण त्याची जात सांगते. तू डिटेक्टर आणि मोजमापं यांत वाढलेली. पहिले सहा महिने तुला वाटेल की आपण दिवसभर काहीच करत नाही. मसुदा, त्यावर देशांचे अभिप्राय, परत मसुदा. मार्गदर्शक पुस्तिकेचा मसुदा सदस्य देशांकडे 120 दिवसांसाठी अभिप्रायाला जातो. बैठकीत जे शब्द कुणाला तरी मान्य नसतात ते चौकटी कंसात ठेवतात, आणि ते कंस एकेक करून काढणं हेच आपलं काम. मतदान शक्यतो कुणाला नको असतं, सगळे 'हो' म्हणेपर्यंत बसायचं. शासन निर्णयातल्या 'करण्यात यावे' आणि 'करणे बंधनकारक राहील' यांतला फरक तुला माहीत आहे ना? तिथे 'शुड' आणि 'शॅल' यांवर दुपार जाते, कधी कधी आठवडा जातो.

सेफ्टी म्हणजे अपघातापासून माणसं वाचवणं आणि सिक्युरिटी म्हणजे चोरी आणि घातपातापासून माल आणि प्रकल्प वाचवणं. आपल्या खात्याच्या हिंदीत त्यांना संरक्षा आणि सुरक्षा असे दोन शब्द आहेत. ज्या शहरात हे काम चालतं तिथल्या रोजच्या जर्मनमध्ये मात्र दोन्हीला एकच शब्द, झिशरहाइट. रशियनमध्येही एकच, म्हणून सिक्युरिटी म्हणायची असली की ते त्याला 'भौतिक' हे विशेषण लावतात. असल्या गोष्टींत मला पहिल्या दिवसापासून रस होता. मी तिथे चांगलं काम केलं, हे मला माहीत आहे.

आणि हे काम हळू चालतं, हे आधीच मनाशी धर. अणुद्रव्याच्या भौतिक संरक्षणाचा करार 1980 चा. त्यात संरक्षणाचं बंधन मुख्यतः मालाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीपुरतं होतं. देशाच्या आतला साठा, वापर आणि प्रकल्प त्यात आणणारी दुरुस्ती 8 जुलै 2005 ला मंजूर झाली. आपल्याकडे त्याच पावसाळ्यात कृष्णेच्या पुरात हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं बुडाली. भारतानं 2007 साली दुरुस्तीला मान्यता दिली, पण दोन तृतीयांश देश होईपर्यंत थांबावं लागलं आणि ती लागू झाली 8 मे 2016 ला. तोवर हरिपुरात पेवाची ओळख सांगणारे लोकही कमी झाले होते.

माझे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. मी निघताना त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझं बॉम्बचं काम का?" मी त्यांना मायापुरी सांगितली. 2010 साली दिल्लीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-60 निघाला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून असलेलं यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलेलं, कामगारांनी ते फोडलं, आणि त्यात एकाचा जीव गेला. अण्णा म्हणाले, "म्हणजे कुठल्या पेवात काय आहे याची वही कुणीतरी ठेवायला पाहिजे." खरं तर वहीचं काम सेफगार्ड्सवाल्यांचं, म्हणजे अणुद्रव्य बॉम्बसाठी वळवलं जात नाही ना हे हिशेब तपासून बघणाऱ्यांचं, पण मी हो म्हटलं, कारण त्यांना मुद्दा कळला होता.

आता कागदपत्रांचं. इथे मी चिडून लिहिणार आहे. माझी शिवाजी विद्यापीठाची गुणपत्रकं माहेरच्या आडनावानं, मध्ये अण्णांचं नाव. पासपोर्ट सासरच्या आडनावानं, मध्ये नवऱ्याचं. सेवापुस्तकात पहिल्या पानावर एक आणि सातव्या पानावर दुसरं. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून माझं माहेरचं. म्हणजे कागदांवर मी तीन बायका होते आणि त्यातली एकही तिची आई असल्याचं सिद्ध होत नव्हतं. 'वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र केलं. एका कार्यालयानं ते घेतलं, दुसऱ्यानं राजपत्रात नाव छापून आणायला सांगितलं, तिसऱ्यानं राजपत्र बघून विचारलं की प्रतिज्ञापत्र का नाही. जन्मदाखल्याच्या खिडकीवर मी सात वेळा गेले. आठव्यांदा अण्णा गेले, भर मे महिन्यात, छत्री घेऊन, आणि तिथेच बाकावर बसून राहिले. चार वाजता दाखला मिळाला. तुझी नावं आजच तपासून घे. तारीख ठरायची वाट बघू नकोस.

नवऱ्याबद्दल थोडक्यात. माझा नवरा कुपवाडची नोकरी सोडून आला आणि दीड वर्ष घरी होता. त्यानं तक्रार केली नाही. तुझे यजमान प्राध्यापक आहेत, बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनामा देऊ नये. बाकी तुमचं तुम्ही ठरवाल.

शाळेबद्दल मात्र मला थोडक्यात लिहिता येत नाही.

मुलगी सात वर्षांची होईपर्यंत सांगलीत आई-अण्णांकडे वाढली. मी ट्रॉम्बेला, शनिवार-रविवारी जमेल तशी येणार. त्यामुळे तिला मराठी आली, तीही अस्सल गावभागाची. हिंदी तिच्या कानावर फारशी पडलीच नव्हती. इथल्या शाळेचा प्रवेशअर्ज चौदा पानांचा होता. 'घरची भाषा' या रकान्यात एक यादी उघडायची. त्यात हिंदी होती, बंगाली होती, पंजाबी, तमिळ होती. मराठी नव्हती. सगळ्यात खाली 'इतर' होतं, ते निवडलं की एक रिकामी ओळ यायची. रात्रीचे अकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक होती. मी हिंदी निवडलं आणि पुढच्या पानावर गेले. मनात म्हटलं, तीन तर वर्षं आहेत, काय फरक पडतो.

फरक असा पडला. शाळेनं आपल्या परीनं चांगलंच केलं, त्या कागदाप्रमाणे आठवड्यातून दोनदा हिंदी बोलणाऱ्या मदतनीस बाई दिल्या. त्या प्रेमळ होत्या. एका सकाळी पालकांना वर्गात बसू देतात तेव्हा मी बसले होते. बाई चित्रांची कार्डं दाखवत होत्या. एका कार्डावर मुंगी होती. बाईंनी विचारलं, "ये क्या है?" माझ्या मुलीनं कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "मुंगी." बाई तशाच हसऱ्या चेहऱ्यानं थांबल्या. त्यांना 'चींटी' ऐकायचं होतं. मग त्यांनी पुढचं कार्ड काढलं. त्यानंतर पोरगी बोललीच नाही, पुढची सगळी कार्डं नुसती बघत राहिली.

नाताळच्या सुट्टीआधी अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं: मातृभाषेतूनही प्रतिसाद नाही. त्या वाक्यावरून तिला एक इयत्ता खाली बसवलं. मला बोलावलं होतं. लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून मी तो अहवाल वाचला. त्याच आठवड्यात एका मसुद्यातल्या एका क्रियापदासाठी मी तीन देशांच्या प्रतिनिधींशी दोन दिवस वाद घातला होता आणि ते बदलून घेतलं होतं. इथे मला एवढंच म्हणायचं होतं की ती तिची मातृभाषा नाही, चूक माझी आहे, मी चुकीचं लिहिलं. मी ते म्हटलं नाही. मला लाज वाटली. मी सही केली आणि बाहेर येऊन तिचा कोट अडकवलेला होता तिथे जरा वेळ उभी राहिले.

हे मी नवऱ्याला सांगायला पाच वर्षं लावली. आई-अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

आता ती पंधरा वर्षांची आहे. जर्मन इथल्या मुलांसारखी बोलते, अभ्यासात छान आहे, मैत्रिणी आहेत, दुःखी अजिबात नाही. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत देते. अण्णांशी फोनवर "हो अण्णा, जेवले अण्णा" एवढं. देवनागरी बोट ठेवून वाचते. अण्णा तिला दर वाढदिवसाला पत्र लिहितात, ते मी वाचून दाखवते. हे मुंगीचं मी तिला एकदा सांगितलं तर म्हणाली, आई, मला आठवतही नाही, सोड ना. मला सोडता येत नाही. आणि ती तीन वर्षं कधीच तीन राहिली नाहीत. 2020 मध्ये मुदत संपताना मी इथल्याच जागेसाठी अर्ज केला, निवड झाली, सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. तिला मी 'तीनच वर्षं' सांगून आणलं होतं.

एकटेपणाचं विचारलंस. त्याचा फार बाऊ करू नये. भाषा येते, माणसं मिळतात, गणपतीला मराठी घरं एकत्र येतात, हळद-मसाला सगळं मिळतं. सवय होते.

फक्त 2019 चा ऑगस्ट सांगते. जुलैत संस्थेचे महासंचालक अमानो वारले, सगळा मजला उदास होता. मग ऑगस्टमध्ये तिकडे कृष्णा चढायला लागली. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी मी मोबाइलवर बघत होते: चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि आकडा सत्तावन्न फुटांवर गेला. आई-अण्णा गावभागातल्या घरात वरच्या मजल्यावर. वीज नाही, मग फोन नाही. ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटल्याची बातमी आली त्या दिवशी मला त्यांचा आवाज ऐकून तीस तास झाले होते. मी संध्याकाळी ऑफिसातून उतरून डोनाउच्या, म्हणजे डॅन्यूब नदीच्या, बेटावर चालत गेले. ते बेट एकवीस किलोमीटर लांब आहे, माणसांनी बनवलेलं. पुराचं पाणी शहरात शिरू नये म्हणून त्यांनी नदीशेजारी दुसरा प्रवाह खणला आणि त्या मातीचं हे बेट केलं. लोक सायकली चालवत होते, पोरं पाण्यात उड्या मारत होती. मी तिथे एका दगडावर बसून मोठ्यानं रडले, मराठीत, आईला हाका मारून. कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवरून अण्णा बोलले. लष्कराची बोट आली होती, दोघंही शाळेतल्या छावणीत सुखरूप होते. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तुझी गुणपत्रकं आणि तो दाखला पिशवीत घालून बरोबर आणलाय. तुला लागतात ना." त्यांची स्वतःची औषधं घरीच राहिली होती.

म्हणून सासूबाईंचं आधी ठरव. त्यांच्या उशाशी कोणाचा नंबर असेल, पाणी चढलं तर त्या कुणाकडे जातील, हे त्यांच्यासमोर बसून ठरव. तासगावात पुराचं पाणी येत नाही हे मला माहीत आहे, पण काहीतरी येतंच. मुलाला ने. माझ्यासारखं आजीकडे ठेवून मग एकदम उपटून आणू नकोस, नेणार असशील तर पहिल्या दिवसापासून ने. आणि त्याला 'तीनच वर्षं' सांगू नकोस. किती ते आत्ता माहीत नाही, असं सांग. पोरांना ते समजतं.

जाऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे. काम करण्यासारखं आहे आणि ते आपल्या माणसांनी करायला हवं. एका शब्दासाठी दोन दिवस बसायची चिकाटी तुझ्यात असेल तर जाच.

शाळेचा अर्ज आला की मला पाठव. भाषेच्या यादीत मराठी असेल-नसेल, नसली तर 'इतर' कुठे असतं ते मला माहीत आहे. आपण दोघी फोनवर बसून भरू. रात्री नको, रविवारी सकाळी.