वहीत पुस्तकातलं उत्तर नको, दिसलं ते लिहा

प्रश्न : मॅग्नेशियमची फीत मुशीत (तापवायच्या, झाकणाच्या भांड्यात) जाळली. वजन वाढायला हवं होतं, माझं कमी झालं. पुस्तकातला आकडा लिहून टाकू का? (एक विद्यार्थिनी)

अजिबात नको! हा 'चुकलेला' आकडाच तुझ्या प्रयोगातला सगळ्यात बोलका भाग आहे. हिशेब असा : २४ ग्रॅम मॅग्नेशियम १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतं, म्हणजे १.२ ग्रॅम फितीचं २ ग्रॅम ऑक्साइड व्हायला हवं. फीत पुरती जळली नाही, तर वाढ कमी भरते. थोडं मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनशी जोडलं गेलं, तरी कमीच. पण या दोन्हींत वजन वाढतंच, थोडं का होईना. तुझं घटलंय, म्हणजे मुशीतून काहीतरी बाहेर गेलं. झाकण उचललंस तेव्हा पांढरा धूर निघाला होता का? तो धूर म्हणजे तुझं ऑक्साइडच. दुसरा संशय ओल्या मुशीवर. पहिल्या वेळी तिच्यातलं पाणीही तोललं गेलं आणि तापवल्यावर ते उडालं असेल. म्हणून मूस आधी तापवून, गार करून मग तोलायची. फीत जळल्यावरही सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत तापवणं आणि तोलणं चालू ठेवायचं.

झाकणाने मोठमोठ्यांना चकवलंय. सतराव्या शतकात शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी बंद भांड्यात कथील तापवलं, भांडं उघडून तोललं, वजन वाढलेलं दिसलं. आगीचे कण काचेतून आत शिरले, असं त्यांनी मानलं. १७७४ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी तोच प्रयोग करून भांडं न उघडताच तोललं. वजन जसंच्या तसं! उघडल्यावर हवा आत घुसली आणि मग ते वाढलं. तराजू दोघांकडेही होता, फरक पडला तो केव्हा तोललं यानं.

प्रश्न : पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनलेलं असतं. मग उकळताना बुडबुड्यांत हेच वायू असतात ना?

नाही, त्यांत पाण्याचीच वाफ असते. त्या वाफेत थंड काच धर, थेंब जमतील. उकळण्याने रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणू स्वतः फुटत नाही. तो फोडायला विद्युत अपघटन लागतं, म्हणजे पाण्यातून वीज सोडावी लागते. उकळी येण्याआधी भांड्याच्या कडेला दिसणारे बारीक बुडबुडे मात्र पाण्यात विरघळलेल्या हवेचे.

वहीत 'बुडबुडे आले' हे निरीक्षण, 'हायड्रोजन आला' हे अनुमान. दोन्हींसाठी वेगळे रकाने आख. चुन्याची निवळी दुधाळ झाली, हे डोळ्यांनी दिसतं. त्यावरून ओळखलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही.

प्रश्न : थायोसल्फेट आणि आम्ल मिसळून, द्रावण गढूळ होऊन भांड्याखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होण्याची वेळ मोजली : ४२, ४३ आणि ५७ सेकंद. ५७ खोडू का?

खोडू नकोस, चौथ्यांदा मोज. तिन्हींची सरासरी ४७ च्या वर जाते आणि तसा आकडा एकदाही आलेला नाही! चौथा आकडा ४१ आला, तर ५७ वर संशय पक्का, पण कारण शोधायला हवं. त्या वेळी द्रावण गार होतं का? भांड्यात धुतल्यावरचं पाणी राहिलं होतं का? फुली पाहणारा बदलला होता का? (हे नेहमी घडतं, 'दिसेनाशी' प्रत्येकाची वेगळी असते.) कारण सापडलं तर तो आकडा सरासरीतून वगळ, पण शेजारी कारण लिहून वहीत ठेव. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. आम्लाची तीव्रता बदलत असशील, तर तापमान आणि द्रावणांचं आकारमान तेच हवं.

प्रश्न : आम्लात पाणी ओतू नका, पाण्यात आम्ल ओता असं का सांगतात? (एक पालक)

संहत (म्हणजे फारसं पाणी न मिसळलेलं) सल्फ्युरिक आम्ल पाण्यापेक्षा जवळपास १.८ पट जड. त्यावर पाणी ओतलं तर ते वरच राहतं, मिसळताना सुटलेल्या उष्णतेनं तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लासकट अंगावर उडतं. उलट केलं की आम्ल खाली जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. तरीही हळूहळू, ढवळत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून. आणि संहत आम्ल मुलांच्या हाती द्यायचंच नाही, ते शिक्षकांचं काम.